गाठ कोणी काढली

अभिनंदन हुक्केरीला त्या एका वाक्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. त्यानं स्वतः ते मांडलेलं होतं आणि मांडणी चोख होती. एक तर ‘गाठ’चा जनक म्हणून नाव. त्या नावाच्या जोरावर जागतिक संगणकभाषा मंडळावरची रिकामी झालेली खुर्ची. खुर्चीपाठोपाठ इचलकरंजीत सत्कार, सत्कारापाठोपाठ शाळेच्या पाठ्यपुस्तकात चौकटीतला फोटो. आणि ज्या तंत्रनिकेतनानं त्याला एकदा गणितात नापास केलं होतं, त्याच्याच दाराशी कोनशिला. आईबापांनी नावच अभिनंदन ठेवलेलं. तेव्हापासून तो ते स्वीकारतच आला होता.

बदल्यात जाणार काय होतं? मेहुणीचा थोडा रुसवा. आणि मेहुणीचा रुसवा आपल्याकडे कोणी खर्चात धरत नाही.

एवढा सगळा डोलारा ज्या वाक्यावर उभा राहणार होता, ते वाक्य असं: ‘गाठ’ अभिनंदन हुक्केरी यांनी काढली.

आता जरा मागे जायला हवं. ‘धोटा’ ही प्रोग्रामिंगची भाषा. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. ही भाषाही एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे निरोप घेऊन अशीच पळायची, म्हणून हे नाव. इचलकरंजीच्या तंत्रनिकेतनात चार-पाच पोरांनी ती सुरू केली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. कोणीही उघडावी, वापरावी, सुधारावी. पुढच्या वीस वर्षांत ती जगभर गेली. दर दोन-तीन वर्षांनी, उन्हाळ्यात, नवी आवृत्ती निघे आणि आवृत्तीबरोबर एक टिपण निघे: यंदा काय आणलं, काय वगळलं, काय दुरुस्त केलं. पहिलं टिपण गंमत म्हणून मराठीत लिहिलेलं, ते पुढेही मराठीतच राहिलं. ते लिहायची शर्वरी आवटी. ज्या कामाला कोणी हात लावत नाही, ते घरातल्या धाकटीकडे येतं. धोट्याच्या घरात धाकटी ती होती. अभिनंदन प्रकल्पाचा प्रमुख आणि तिच्या थोरल्या बहिणीचा, संपदाचा, नवरा. म्हणजे शर्वरीचे दाजी.

बरीच वर्षं ती टिपणं कोणीही वाचत नसे. मग ‘वाचक’ आले.

वाचक म्हणजे माणूस नव्हे. भाषेची आवृत्ती बदलली की जुने प्रोग्राम अडखळतात. एखादा शब्द गेलेला असतो, एखादा नवा आलेला असतो. पूर्वी ही डागडुजी माणसं हातानं करायची आणि करता करता शिव्या द्यायची. वाचक हे यंत्र ते काम एका दमात करतं. आवृत्ती निघाली की ते टिपण वाचतं, कुठल्याही भाषेतलं, आपल्या मालकाचे हजारो प्रोग्राम उघडतं, टिपणात म्हटलंय तसे बदलतं आणि पुन्हा चालू करतं. आता कोणी विचारेल, टिपण कशाला, सरळ भाषेचा प्रोग्रामच का नाही वाचत? तर प्रोग्राम सांगतो यंत्र काय करतंय. टिपण सांगतं माणसांना काय करायचं होतं. दोन्हींत फरक पडला तर वाचक टिपणाची बाजू घेतो, कारण प्रोग्रामात चूक राहू शकते, आणि टिपणावर जबाबदार माणसाची सही असते. ज्यानं हा नियम केला त्यानं सही करणारी माणसं फारशी पाहिलेली नसावीत.

दवाखाने, रेल्वे, वीज असल्या ठिकाणच्या वाचकांना आठवडाभर थांबायचं बंधन होतं. बाकीच्यांनी ‘लगेच’ की ‘सावकाश’ ते आपलं आपण ठरवायचं. शहाणी माणसं ‘सावकाश’ ठेवत.

तर जे टिपण कुत्रं हुंगत नव्हतं, ते असं रातोरात फर्मान होऊन बसलं. शर्वरीनं ‘वगळले’ लिहिलं की जगातून ती गोष्ट जायची. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी तिचा कामातला जोडीदार मोईन बागवान यानं घाईत लिहिलं, ‘छपाईची नवी सोय काढली.’ मिरजेच्या माणसानं सरळ मनानं लिहिलेलं वाक्य. परदेशातल्या एका वाचनालयाच्या वाचकानं ते वाचलं आणि छपाई काढली; म्हणजे उपटून टाकली. दोन दिवस तिथं कोणाला पावती मिळेना. तेव्हापासून शर्वरीनं लेखनाच्या नियमांत ठळक ओळ घातली: टिपणात ‘काढणे’ हे क्रियापद चालणार नाही. ‘आणले’ लिहा, नाहीतर ‘वगळले’ लिहा.

“मराठी माणसाकडनं ‘काढणे’ काढून घेतलंस,” मोईन म्हणाला होता. “आता आम्ही कर्ज कसं काढायचं?”

राहिली ‘गाठ’. ती कोणाची, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यावर कोणी बोलत नव्हतं.

संपदानं वडिलांचा मागाचा कारखाना सांभाळला होता आणि त्यात केळीच्या सुताच्या साड्या विणायचं खूळ घेतलं होतं. सूत सुरेख, खरं वीतभर विणलं की तटकन तुटायचं. मागाचा हात सूत जोडायचा, पण नक्षी चालवणारा प्रोग्राम तुटल्या जागेपासून पुढं जायचा नाही. पहिल्यापासून सुरू व्हायचा. “शर्वे, हे भूत तेवढं उतरव गं,” अक्का म्हणाली. शर्वरीनं त्यावर तीन वर्षं घालवली आणि भाषेतच एक नवी सोय केली. काम मधेच तुटलं तर कुठं तुटलं ते लक्षात ठेवायचं आणि तिथूनच पुढं जोडून घ्यायचं. तिचं नाव गाठ. चाचणी म्हणून ती सगळ्यांना दिली, आणि दोन वर्षांत बोटींच्या तिकिटांपासून भूकंपमापकांपर्यंत सगळीकडे लोक गाठी मारू लागले. तुटणं ही काही एकट्या केळीच्या सुताची गोष्ट नव्हती.

फक्त एक झालं. भाषेत कुठलीही भर प्रमुखाच्या हातानं जोडली जाई आणि जोडणाऱ्याचं नाव नोंदलं जाई. गाठ जोडली अभिनंदननं. जोडायला एक बोट लागलं. नवव्या आवृत्तीत ती चाचणीतून पक्की व्हायची होती आणि टिपणात पहिल्यांदाच कर्त्याचं नाव यायचं होतं. मंडळाचं लक्ष त्या ओळीवर होतं.

दाजी दुपारी आले. शर्वरी शेंगा फोडत बसली होती.

“बस, बस, उठू नको,” दाजी तिच्याच खुर्चीत बसत म्हणाले. “टिपण झालं?”

“एक ओळ राहिलीय.”

“तीच घेऊन आलोय.” त्यांनी फोन पुढं धरला.

शर्वरीनं वाचलं. एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. “दाजी, गाठ मी केलीय.”

“नाही कोण म्हणतंय? घरातलंच आहे ना? तुझं काय, माझं काय. मंडळाला एक नाव लागतं. तुझं घातलं तर खुर्ची तुला देणार आहेत काय? नाही. माझं घातलं तर मला देणार आहेत. म्हणजे तुझं नाव घालून तुला काय नाही आणि मलाही काय नाही. व्यवहार बघ की जरा.”

“आणि खरं?”

“खरं काय? खरं तू आहेसच की घरात.” दाजी हसले, मूठभर दाणे घेतले. “बरं, ह्यातला एक शब्द बदलायचा नाही. तुझं ते ‘आणली’ नको. आणली म्हणजे? बाजारातनं भाजी आणली? मी काढलीय. डोक्यातनं काढलीय.”

शर्वरीचा हात थांबला. “‘काढली’ टिपणात चालत नाही, दाजी. नियम आहे.”

“कोणाचा?”

“माझा.”

“मग झालं! घरचाच नियम.” दाजी उठले. “आमच्या आज्जीनं किराणा दुकान काढलं. म्हणून काय ते बंद पडलं? पन्नास वर्षं चाललं. यंत्रं आता शहाणी झाल्यात, तूच मागं राहिलीस. जसंच्या तसं घाल, काय?”

सांगून झालं होतं. एकदा सांगायचं ते तिनं सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायचं बंधन मेहुणीवर नसतं.

तरी तिनं संध्याकाळी अक्काला फोन केला. पाठीमागं मागांचा खडखडाट होता.

“अक्का, तुला माहीत आहे ना गाठ कोणासाठी केली ते?”

“माहीत आहे गं.” खडखडाटातून अक्काचा आवाज दमलेला आला. “दे लिहून. त्यांचं एवढं एक होऊ दे. घरात धुसफूस नको मला आत्ता, माझी पहिली मोठी ऑर्डर आहे, माझ्या नावाची. काठावर ‘संपदा’ विणून घेतलंय, बघायला ये. तुझं काय, तू हुशार आहेस, तुझं नाव कुठंही लागेल.”

“हं,” शर्वरी म्हणाली.

राग आला की माणसं तो काढतात. शर्वरीनं काढला नाही, ठेवला. दूध विरजून झाकून ठेवावं, तसा. तिनं ते वाक्य टिपणात जसंच्या तसं घातलं, शेजारी नियमाप्रमाणे नोंद केली, ‘वाक्य प्रमुखांनी दिलेले’, आणि वर दाजींना निरोप पाठवला: तुमच्या इच्छेप्रमाणे एक अक्षर बदललेलं नाही. दाजींनी उत्तरादाखल दोन फुलं पाठवली.

आवृत्तीच्या आदल्या आठवड्यात टिपणाचं चाचणीवाचन होतं. एक वाचक ते वाचतो आणि शंका विचारतो. मोईन आणि शर्वरी तंत्रनिकेतनाच्या जुन्या खोलीत बसले होते. पडद्यावर शंका उमटली:

‘“गाठ काढली” याचे दोन अर्थ संभवतात: निर्माण केली, अथवा वगळली. गाठ या शब्दाबरोबर दुसरा अर्थ अधिक वेळा आढळतो. खुलासा करावा.’

“बघ,” मोईन म्हणाला, “यंत्राला पण कळतंय डॉक्टर गाठ काढतो तेव्हा काय करतो ते. टाक, ‘निर्माण केली’ टाक. चहा सांगतो.”

शर्वरीनं लिहिलं: ‘वाक्य माझे नाही. ज्यांनी दिले त्यांना विचारावे.’

पडद्यावर आलं: ‘बरे. प्रश्न प्रमुखांच्या संमतिपत्रात समाविष्ट केला आहे.’

मोईननं चहाचा विचार सोडला. संमतिपत्र म्हणजे आवृत्ती सोडण्याआधी प्रमुखानं सही करायचं लांबलचक पान. दाजी त्याला ‘कीर्तन’ म्हणत. आठ आवृत्त्यांत त्यांनी ते एकदाही वाचलं नव्हतं. तळाशी बोट नेऊन ‘सर्व वाचले, मान्य’ ही चौकट दाबायची, एवढंच त्यांना येत होतं.

“शर्वरी, दाजी वाचणार नाहीत.”

“वाचायला हवं. प्रमुख आहेत.”

“अगं, पान उलटायचा आळस म्हणून माणसानं लग्नपत्रिकेत सासऱ्याचं नाव चुकवलेलं. ते कीर्तन वाचणार? न वाचता मान्य केलं तर वाचक जो अर्थ जास्त आढळतो तोच धरणार. सगळीकडची गाठ जाणार.”

“सगळीकडची नाही. दवाखाने, रेल्वे, वीज आठवडाभर थांबणार. बाकीचे ‘सावकाश’वर आहेत. तोवर आपण दुरुस्ती काढू.” तिनं जीभ चावली. “दुरुस्ती लिहू. लगेचवर जे चार हौशी बसलेत, त्यांचं एक दुपारभर अडेल. मी बसून बघितलंय, मोईन. कोणाचं काही जात नाही.”

“दाजींचं जातंय.”

“हो,” ती म्हणाली. “तेवढंच.”

हिशेब वाईट नव्हता. एकच रक्कम त्यात धरायची राहिली होती, आणि ती धरली गेली नाही कारण ती दाजींच्या खिशात होती.

समारंभ गावातल्या नाट्यगृहात, सकाळी. दारात रांगोळी, व्यासपीठावर फेटे, मंडळाचे दोन परदेशी पाहुणे फेट्याखाली घामाघूम. तंत्रनिकेतनाची सगळी पोरं आलेली. शर्वरी आणि मोईन पहिल्या रांगेत. दाजींनी अंगात बंद गळ्याचा कोट घातला होता आणि हातात तो चपटा पडदा धरला होता ज्यावरून आवृत्ती सुटायची.

“मित्रहो,” दाजी म्हणाले, “नववी आवृत्ती जगात सगळ्यात आधी कुठं लागणार? टोकियोला? नाही. इथून चार गल्ल्या सोडून! माझ्या घरच्या कारखान्याचा वाचक मी स्वतःच्या हातानं ‘लगेच’वर ठेवलाय. बघा!”

पाठीमागच्या भल्यामोठ्या पडद्यावर कारखाना उजळला. मागांच्या दोन रांगा, केळीच्या सुताची पिवळसर झाक, आणि मधोमध, स्वतः विणलेली साडी नेसून, केसांत गजरा माळून, कुठं बघावं ते न कळून जरा बाजूला बघत उभी असलेली संपदा.

शर्वरी उठली.

ती खरोखर उठली, आणि खुर्ची करकरली. तोंड उघडलं. एक हाक, ‘दाजी, थांबा, आधी वाचा’, एवढ्यानं भागणार होतं. सही अजून व्हायची होती.

“ह्या कामात,” दाजी व्यासपीठावरून म्हणत होते, “मला साथ देणाऱ्यांचे आभार. बांधणी केली मोईनभाईंनी. आणि टायपिंगचं काम आमच्या मेहुणीबाईंनी अगदी मन लावून केलं. बघा, उठून उभ्याच राहिल्या! टाळ्या होऊ द्या!”

टाळ्या झाल्या. शर्वरीनं तोंड मिटलं. हात जोडले. बसली.

मोईननं तिच्याकडं बघितलं. ती समोर बघत होती. दाजींनी पानावरून बोट फिरवलं, फिरवलं, फिरवलं, “हे कीर्तन काय संपत नाही बुवा,” म्हणाले, सभागृह हसलं, आणि तळाशी आल्यावर त्यांनी ठसक्यात चौकट दाबली. पानाच्या मधोमध कुठंतरी वाचकानं विचारलं होतं, ‘सर्व प्रोग्राममधून गाठ वगळावी काय?’ दाजी म्हणाले होते, मान्य.

पहिला क्षण काहीच झालं नाही. माग चालू होते. मग उजव्या रांगेतल्या एका मागावर सूत तुटलं. माग थांबला. यंत्राच्या हातानं सूत जोडलं. माग पुन्हा चालू झाला, पहिल्यापासून.

संपदाच्या साडीच्या सुरुवातीला काठावर बोटभर पट्टीत तिचं नाव विणून येई आणि मग नक्षी लागे. माग पहिल्यापासून सुरू झाला म्हणजे त्यानं नाव विणलं: संपदा. वीतभर नक्षी गेली, सूत तुटलं. संपदा. दुसऱ्या मागावर तुटलं. संपदा. तिसऱ्यावर. कॅमेरा मागाच्या तोंडाशी लावलेला, त्यामुळं पडद्यावर एकामागून एक सगळीकडून ते नाव बाहेर येऊ लागलं, संपदा संपदा संपदा, आणि लोकांना वाटलं प्रमुखांनी बायकोला दिलेली ही खास भेट आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका पाहुण्यानं डोळे टिपले. दाजींनाही काही कळलं नाही, पण टाळ्या आपल्यासाठीच असतात हे त्यांना कळायचं. त्यांनी वाकून नमस्कार केला.

पडद्यावरची संपदा हसत नव्हती. ती एका मागाकडून दुसऱ्याकडे पळत होती. कळ दाबायची, माग थांबायचा, शेजारचा सुरू व्हायचा. मुख्य खटका बंद करायला ती भिंतीकडे गेली आणि थबकली. कार्यक्रम चालू असताना खटक्याला हात लावायचा नाही असं तिला बजावलेलं होतं. तिनं कॅमेऱ्याकडं वळून दोन्ही हात हलवले. सभागृहातल्या लोकांनीही हात हलवले.

मोईन उठला आणि दाराकडे धावला. तो चार गल्ल्या ओलांडून पोचेपर्यंत केळीचं सूत संपलेलं होतं. वर्षाचं सूत, सगळं त्या एका ऑर्डरीसाठी मागांवर चढवलेलं. पुढचं यायला केळी पुन्हा कापणीला यावी लागते.

दुपारपर्यंत जगातून विचारणा आली: गाठ का काढली? फार ठिकाणाहून नाही. फिनलंडकडच्या एका बोटीची तिकिटं सकाळपासून पहिल्याच प्रवाशाला विकली जात होती, दोन-तीन हौशी पोरांचे खेळ अडले होते. शर्वरीनं बघितलं होतं तसंच. मंडळाच्या पाहुण्यांनी खोलीचं दार लावून दाजींना विचारलं, “तुमची गाठ आहे; परत कशी बसवायची ते दाखवा.” दाजींनी पडदा हातात घेतला. कोटाचं वरचं बटण काढलं. मग म्हणाले, “हे जरा आमच्या मेहुणीला विचारा.”

शर्वरी आली. तिनं उभ्या उभ्या दुरुस्तीचं टिपण लिहिलं, पाहुण्यांना गाठीचा प्रत्येक पीळ उलगडून दाखवला, आणि शेवटची ओळ टाकली: ‘गाठ वगळलेली नाही. गाठ आणली: शर्वरी आवटी.’ दाजी कोपऱ्यात उभे होते.

“तुला माहीत होतं,” ते हळूच म्हणाले.

“नियम सांगितला होता, दाजी. घरचाच नियम.”

चौकशी झाली आणि एका दिवसात आटोपली. वाचकानं सगळं जपून ठेवलं होतं: शर्वरीला शंका विचारली, तिनं योग्य माणसाकडे पाठवली, योग्य माणसानं मान्य केलं. तिच्यावर ठपका ठेवायला जागाच नव्हती. खुर्ची एका नॉर्वेच्या बाईंना गेली. आणि यंत्रं विसरत नाहीत. जगातल्या सगळ्या वाचकांत दाजींच्या नावापुढे ‘वगळणारा’ अशी खूण कायमची बसली. त्यांनी भाषेत साधा स्वल्पविराम घालायचा म्हटलं तरी वाचक तीनदा विचारतो, ‘नक्की का?’ आता त्यांना सगळं वाचावं लागतं. कीर्तन अथपासून इतिपर्यंत.

शर्वरीला पत्रं आली. तंत्रनिकेतनानं व्याख्यानाला बोलावलं. मोईननं तेवढं टिपणाचं काम सोडलं.

“का?” तिनं विचारलं.

“मी काय बघितलं नाही बाबा,” तो म्हणाला. “खुर्ची करकरली तेवढं ऐकलं. दोनदा.”

पावसाळा ओसरल्यावर एका दुपारी संपदा आली. हातात घडी घातलेलं कापड. शर्वरीनं पाट पुढं केला. ती उभीच राहिली.

“अक्का, बस की. चहा टाकते.”

“नको. हे द्यायला आले.” तिनं घडी टेबलावर ठेवली. पिवळसर, सुरेख, आणि वीत वीत अंतरावर तिचं नाव. “गिऱ्हाइकानं घेतलं नाही. कोण घेणार? बाकीचं पायपुसण्यांना दिलं. एक तुला ठेवलं.”

“पुढच्या सुताला मी येते ना. आता गाठ पक्की आहे, एकदाही...”

“पुढचं सूत नाही. बायकांना दुसरीकडं लावून दिलं. माग गेले परवा.” ती जरा हसली. “आप्पांनी कारखाना काढला होता. मी काढून टाकला. बघ, शब्द एकच.”

“अक्का, दाजींनी ‘लगेच’वर ठेवलेलं, मला माहीत नव्हतं गं. आईशप्पथ.”

“आधी नव्हतं.” संपदानं कापडाची घडी उगाच सरळ केली. “त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांना मी दिसत होते ना? मलाही तुम्ही दिसत होता. इकडं पण पडदा लावलेला ह्यांनी, बायकांना सोहळा बघता यावा म्हणून. मी तुलाच शोधत होते. सापडलीस पहिल्या रांगेत. तू उठलीस. मला काय कळलं नाही, खरं तुझं तोंड बघून वाटलं, काहीतरी चुकतंय, आणि माझी बहीण उठली.”

शर्वरीनं पाट पुन्हा भिंतीशी लावला.

“मग बसलीस.”

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती होत नव्हती.

“ह्यांनी तुझी गाठ आपल्या नावावर घेतली, मी त्यांना घेऊ दिली. ते माझ्याकडं लागतंय, मी नाकारत नाही,” संपदा दारापाशी जाऊन म्हणाली. “तू वचपा काढलास. बरोबर शब्द आहे ना गं? की हितं पण ‘काढणे’ चालत नाही?”

ती गेली. शर्वरीनं तिला हाक मारली नाही. कशी मारणार? जिथं मारायची तिथं मारली नव्हती.

दहाव्या आवृत्तीचं टिपण आता शर्वरी एकटी लिहिते. ते कापड तिच्या खुर्चीच्या पाठीवर असतं. घडी मोडून पसरलेलं, नाव बाहेरच्या बाजूला. टिपणाला मथळे तीनच: आणले, वगळले, दुरुस्त केले. पहिल्याखाली तिचं नाव आलं, दुसऱ्याखाली दाजींचं गेलं, तिसऱ्याचं काम समारंभाच्या दुपारीच झालं. वाचकाला त्यात कुठंही शंका आली नाही.

‘भरले’ असा, म्हणजे किंमत कोणी मोजली ते सांगणारा, मथळा टिपणात नाही. असता, तर त्याखाली एकच नाव आलं असतं, वीत वीत अंतरावर, सूत संपेपर्यंत.